नकार ऐकून हसणारा अंबादास

आमच्या गावात आळशी माणसांचा तोटा कधीच नव्हता. पण घरी बसून, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत आळस करायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असा माणूस मी एकच पाहिला. तो अंबादास.

मी चौथी शिकलो. पुढेही शिकलो असतो, पण घरी गुरं होती आणि राखणारा मीच होतो. त्याची मला लाज नाही. लिहिताना शाळेतली भाषा लिहितो, बोलताना घरची बोलतो. ज्याला खपत नसेल त्यानं वाचू नये.

अंबादासचं घर माझ्या घरासमोर. पुण्यात शिकला, मग बंगलोरला नोकरीला लागला, आणि लॉकडाऊनमध्ये सगळी पोरं घरी आली तसा तोही एक कॉम्प्युटर घेऊन आला. बाकीची परत गेली, हा राहिला. साखरखेर्ड्याच्या बाजाराला जायचं तरी याला कंटाळा. सकाळी आठला ओट्यावर सतरंजी टाकायची, मांडीवर कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचं. टाइप करणं कमी, बघणंच जास्त. त्याची माय चहा ठेवून जायची, त्यावर साय धरायची, सायीवर माशी बसायची. हा माशी बोटानं बाजूला करून तसाच थंड चहा प्यायचा आणि म्हणायचा, "मस्त झाला माय." त्या बाईनं चहाऐवजी ताक ठेवलं असतं तरी याला कळलं नसतं.

मी रोज संध्याकाळी विचारायचो.

"काऊन बे, आज किती लिहिलं?"

"आबा, आज दोन ओळी कमी केल्या."

"म्हंजे कालच्यापक्षी मांगं गेला?"

"हाव. लय चांगलं झालं."

आता बोला. शेतात कोणी असं सांगितलं असतं, की आज दोन तासं कमी वखरली, लय चांगलं झालं, तर त्याला मी बांधावरूनच घरी पाठवला असता.

त्याच्या आळसापेक्षाही त्याचं हसणं मला जास्त झोंबायचं. त्याचं मशीन 'नाही' म्हणायचं तेव्हा तो हसायचा. तांबडी अक्षरं यायची, आणि हा मांडीवर थाप मारायचा. पोरगं झाल्यासारखं सांगायचा, "नाही म्हन्ते, आबा!"

"मंग लाज वाटाले पाह्यजे."

"नाही हो. आत्ताच नाही म्हनली न. दुसऱ्या मशीना आधी हो हो म्हन्तेत, आन लोकाइच्या हाती गेल्यावर आपटतेत. ही आधीच अडवते."

बायकोनं आधीच अडवलं तर माणूस खुश होतो का? हा झाला असता. पण बायको नव्हतीच. अडतिसावं लागलं होतं. एकदा लोणारकडचे पाहुणे आले, मुलीच्या मामानं विचारलं, लग्नाचं काय ठरवलं? तर हा म्हणतो, "ती जागा सध्या रिकामी ठेवली हाय. तिथं काय बसन ते आधी कळलं पाह्यजे." पाहुणे चहाला थांबले नाहीत. मी त्याला झापलं. तेव्हा कळलं, की तो प्रोग्रामही असाच लिहितो. जिथं माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकून ठेवतो, आणि मशीन त्याला सांगतं की या खड्ड्यात अशाच आकाराचा दगड बसेल, दुसरा नाही. मी म्हणालो, माणसं दगड नसतात बे. तो म्हणाला, "म्हनूनच तं प्रश्नचिन्ह ठेवलं."

त्याची विद्या काय आहे हे मी एकदा समजून घेतलं. मला कळणार नाही असं कोणी समजू नये. मी तीस वर्षं मिरचीचं बी पिकवलंय.

आमच्या ओट्यावर मिरच्या वाळत होत्या. त्यानं दोन डबे घेतले. एकात तीन मिरच्या टाकल्या, एकात चार.

"आबा, हे डबे एकाच वाणाचे का दोन?"

"डबे सारखेच हायेत. आत मिरच्या कमीजास्त."

"माह्या मशीनसाठी हे दोन वाण हायेत. तीन मिरच्यांचा डबा हे एक वाण, चार मिरच्यांचा दुसरं. त्याले टाइप म्हन्तेत. आत किती हाय, ते डब्याच्या जातीतच लिहिलेलं."

"चिठ्ठी आमीबी लावतो."

"चिठ्ठी निघते, आबा. पुसते. कोनी खोटी लावते. ही चिठ्ठी नाही, डबाच तसा. दोन्ही एकात ओतले तं सातचाच डबा झाला पाह्यजे. माह्या हातून एक सांडली आन सहाचा झाला, तं मशीन तिथंच थांबवते. आन रिकाम्या डब्यातून पहिली मिरची काढ, असं तं लिहूच देत नाही. तशी वाटच नाही."

या 'वाट' शब्दावर त्याचा फार जीव. कोणतीही गोष्ट हातात आली की ती किती वाटांनी आली असेल ते तो मोजायचा, आणि प्रत्येक वाटेसाठी एक ओळ लिहायचा. एक वाट राहिली तर मशीन तिचं नाव घेऊन विचारायचं, हिचं काय? त्याला 'बाकीचे सगळे' हा शब्द चालत नसे. म्हणायचा, "बाकीचे म्हंजे आळशी मानसाचं गाठोडं. त्यात काय काय गेलं, बांधनाऱ्यालेबी माहीत नसते." आळशी कोणाला म्हणत होता बघा.

तरी या गाठोड्याचा मला एकदा चटका बसला, तो सांगतो. माझ्या पुतणीचं लग्न होतं, पंगतीचं मी बघत होतो. पहिली पंगत नवरदेवाकडची, दुसरी आपली, तिसरी बाकीची. अंबादास बाजूला उभा होता. म्हणाला, "आबा, वाजंत्रीवाले कोन्या पंगतीत?"

"बाकीच्यात."

"तवा तं वरात हाय. ते वाजवत असतीन."

"अबे, बसतीन कवातरी! तू बुंदी वाढ."

तिसरी पंगत बसली तेव्हा वाजंत्रीवाले खरंच मारुतीच्या देवळापुढं वाजवत होते. ते आले तोवर भांडी घासायला गेली होती. संध्याकाळी नवरी सासरी निघाली आणि वाजंत्रीवाले ढोल पालथे घालून त्यावर बसले. म्हातारा सनईवाला म्हणाला, "उपाशी पोटानं फुंक निघत नाही, पाटील." पुतणी वाजंत्रीवाचून गेली. माझा भाऊ ते मला अजून ऐकवतो.

पण माझा राग अंबादासवर होता, आणि तो रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला धरलं. "तुले माहीत होतं न? मंग चार पत्रावळ्या बाजूले काऊन नाही काढल्या?"

तो म्हणाला, "मी विचारलं होतं."

विचारलं होतं! ही त्याची जात. खड्डा बरोबर दाखवील, पण त्यात टोपलंभर माती टाकायला हात पुढं यायचा नाही. शहाणपण असावं तर असं, की कोणाच्या पोटात दोन घास गेले नाहीत.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडं शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट असतात. कंपनी नराचं आणि मादीचं बी देते, आपण क्रॉसिंग करून द्यायचं. मादीच्या कळीतले नर, म्हणजे पुंकेसर, दुपारी चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नराच्या फुलाचं पोलन, म्हणजे पराग, लावायचं, आणि खूण म्हणून देठाला धागा बांधायचा. धागा असलेलं फळ क्रॉसचं. धागा नाही ते आपोआप धरलेलं, सेल्फ. ते तोडून फेकायचं. सेल्फचं बी मिसळलं की सगळा लॉट बाद.

त्या वर्षी माझी सून कमल हिनं पहिल्यांदा स्वतःच्या नावावर प्लॉट घेतला. माझा मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. नेट तिचं, बाया तिनं लावलेल्या, कंपनीच्या यादीत नावही तिचंच. कंपनीचा माणूस गॉगल न काढता सांगून गेला होता, "ताई, पहिलं वर्ष आहे. बी कमी भरलं किंवा मिसळ निघाली, तर पुढच्या वर्षी नाव नाही." नाव गेलं की नर-मादीचं बी मिळत नाही, आणि नेट म्हणजे नुसता हिरवा मांडव. कमलच्या जिवाला तेवढा एकच घोर होता, नाव राहिलं पाहिजे.

नोंदी ठेवायला तिनं अंबादासला सांगितलं. मी म्हणालो, वही कर, दोन रुपयांची. तिनं ऐकलं नाही. मग महाशय पंधरा दिवस नेटमध्ये येऊन बसले. बायांना विचारायचे, कळी तोडताना मोडली तर? पोलन लावल्यावर पाऊस आला तर? एका देठाला दोन धागे झाले तर? शांताबाई, बायांची मुकादम, म्हणाली, "भाऊ, लगन नाही झालं म्हनून टाइम हाय तुमाले, आमाले पोरं हायेत." तरी विचारायचा. शेवटी एकदाचं मशीन त्याला हो म्हणालं.

ते असं होतं. नर काढल्याची नोंद नसेल तर पोलनची नोंद होत नाही. पोलनची नसेल तर धाग्याची नाही. धाग्याची नसेल तर ते फळ तोड्यात घेता येत नाही. आणि प्रत्येक तोड्याची पिशवी वेगळी, तिच्यात किती फळांचं बी ते तिच्या जातीतच; एका तोड्याचं बी दुसऱ्यात ओतायची वाटच नाही. कमल मोबाइलवर बोट फिरवून नोंद करायची आणि बायांना दटावायची, "शांताबाई, मशीन घेत नाही, धागा दाखवा."

तिसऱ्या तोड्याच्या आधी गरम वारं सुटलं. फळं गळली, धागेही गळले. तिसरी पिशवी हलकी भरणार असं दिसायला लागलं आणि कमलचं तोंड उतरलं. रात्री तिनं भाकरी तेवढी अर्धी ठेवली. मी दुसऱ्या दिवशी नेटमध्ये शिरलो आणि बिनधाग्याची फळं बघत फिरलो. धागा बांधलेल्या देठावर बारीक रेघ उमटते. धागा गळला तरी ती राहते. तीस वर्षांच्या डोळ्याला ती दिसते. टोपलीभर फळं निघाली. ती घेऊन मी अंबादासच्या ओट्यावर गेलो.

"हे लिही."

"धागा?"

"गळला. देठावर रेघ पाय."

त्यानं एक मिरची उलटीसुलटी केली. "रेघ हाय."

"मंग लिही."

"रेघेची वाट मी ठेवली नाही, आबा."

"मंग ठेव! लिहिनारा तूच न? तुह्या घरच्या मशीनले तूच भेतो?"

"ठेवतो. पन धाग्याले साक्षी हाय. बाईचं नाव हाय, दिवस हाय. रेघेले साक्षी कोन?"

"मी हावो न!"

"ठीक. तुमचं नाव टाकतो." त्यानं मशीन माझ्याकडं फिरवलं. "पन टोपलीवर नाही टाकता येत. एकेका फळावर. हे फळ क्रॉसचं हाय, मी सांगतो. हे हाय, मी सांगतो. असं टोपली सरेस्तोवर."

मी पहिली मिरची उचलली. रेघ स्पष्ट. दुसरी, स्पष्ट. सातवी उचलली आणि ऊन बाजूला घेऊन बघितली. रेघ होती की देठाची सुरकुती होती? तो माझ्याकडं बघत बसला, त्याच्या त्या मशीनकडं बघतो तसा. दोन पोरं गंमत बघायला उभी राहिली. मी मिरची टोपलीत टाकली, टोपली उचलली आणि निघालो. जाताना म्हणालो, "तुह्यासारख्या छप्पन मशीना माह्या डोळ्यापुढं झाल्या." ते खरंही नव्हतं, पण काहीतरी म्हणायचं होतं.

आणि दुपारी बाया जेवायला बसल्या तेव्हा मी ती टोपली तिसऱ्या तोड्याच्या ढिगात ओतली. लिहितो आहे तर सरळ लिहितो. कमलच्या भल्यासाठी ओतली, आणि त्या सातव्या मिरचीच्या रागानंही ओतली.

मशीननं पकडलं नाही. त्याला जे सांगाल तेवढंच कळतं. माझ्या हातावर त्याची नजर नव्हती. अंबादासनं पकडलं. बी वाळून वजन झालं, कमलनं आकडा सांगितला, आणि तो संध्याकाळी पहिल्यांदाच स्वतःहून माझ्या दारात आला.

"आबा, तेवढ्या फळाइतून एवढं बी निघत नाही."

"बी भरलं असन यंदा."

"पयल्या दोन तोड्यात नाही भरलं."

मी सुपारी कातरत राहिलो.

"मी ते पिशवीचं वजन लिहीत नाही," तो म्हणाला. "आन कोनाले सांगतबी नाही."

"काऊन सांगत नाही? जा, सांग! भेकड हायेस."

"माहं सांगनं नाही ते, आबा." आणि गेला. पुन्हा तेच. खड्डा दाखवला आणि निघाला. मला वाटलं होतं भांडेल तरी. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

चौथा तोडा झाला, छोटासाच. मग कंपनीचा माणूस नमुना घ्यायला आला. नेटच्या तोंडाशी चार पिशव्या ओळीनं मांडलेल्या. कमलनं नवी साडी नेसली होती. अंबादास बाजूच्या खताच्या गोणीवर बसलेला. गॉगलवाल्यानं मोबाइल बघितला.

"ताई, तिसऱ्याचं वजन कोरं दिसतंय."

कमल म्हणाली, "अंबादासभाऊ, राह्यलं का तुमच्याकडून?"

"माह्याकडून नाही राह्यलं, वहिनी."

एवढं बोलून तो जमिनीकडं बघायला लागला. माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी मेलो असतो तरी बोललो नसतो. कोणाच्या नजरेच्या धाकात बोलणारा मी नव्हे. त्यानं मान खाली घातली, आणि कमल मात्र एकदा त्याच्याकडं, एकदा पिशवीकडं बघत राहिली. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. ते मला बघवलं नाही.

"त्यात बिनधाग्याचं हाय," मी म्हणालो. "म्या मिसळलं."

बायांनी माना वळवल्या. कमल पुढं झाली, तिसरी पिशवी कानाला धरून ओढली आणि माझ्या पायापाशी आणून सोडली.

"मामाजी, हे तुमचं. ते तीन माहे. कमी पडलं तं पडू द्या. कमी भरलं म्हनून नाव गेलं तं मी सांगन चार लोकाइत. मिसळ केली म्हनून गेलेलं मले सांगता येनार नाही."

सासऱ्याला सुनेनं बायांदेखत असं बोलावं, ही आमच्या घरची रीत नाही. पण मी ती पिशवी ओढून माझ्याकडं घेतली.

गॉगलवाला म्हणाला, "एकात घातलं तर तिघांतही घातलं असेल. मी अख्खा लॉटच बाद लिहितो, कटकट नको."

तेव्हा अंबादास गोणीवरून उठला. इतक्या वर्षांत मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यानं मोबाइलवर पहिल्या पिशवीचं पहिलं फळ वाचलं: कोणत्या बाईनं नर काढले, कोणी पोलन लावलं, धागा कधी, तोडा कधी. मग दुसरं. मग तिसरं. साहेब म्हणाला, बरं बरं. हा थांबला नाही. "बरं बरं नाही साहेब. तुमी अख्खा लॉट म्हनले. अख्ख्यात कोनतं फळ बिनवाटेचं हाय, त्यावर बोट ठेवा. मी बसलो." उन्हात पाऊण तास त्यानं वाचलं. बाया आपापलं नाव आलं की "हाव, मीच" म्हणायच्या. शांताबाई तर मोठ्यानं म्हणायची. शेवटी गॉगलवाल्यानं गॉगल काढला, घाम पुसला, आणि तिन्ही पिशव्यांतून नमुने घेतले.

नमुने पास झाले. बी कमी भरलं होतं, त्यामुळं यादीत कमलचं नाव सगळ्यात खाली होतं. पण होतं.

माझ्या वाट्याची पिशवी मी फेकली नाही. मला बघायचंच होतं. त्यातलं बी विहिरीजवळ वाफ्यात लावलं, साठ झाडं जगली. त्या वाणाच्या क्रॉसची मिरची खाली लोंबते. मादीची आभाळाकडं तोंड करून उभी राहते. फळं धरली आणि कळलं. पाच झाडांवर मिरच्या उभ्या. सेल्फ. कोणी म्हणेल, साठात पाच म्हणजे डोळा चांगलाच की. चांगला असेल. पण ही पिशवी त्या तीन पिशव्यांसोबत गेली असती तर कमलचं नाव त्या पाचांपायी गेलं असतं. ती झाडं मी उपटली नाहीत. रस्त्यावरून दिसतात तर दिसू देत.

त्याच सुमारास अंबादास गेला. परदेशात कुठं आगगाड्यांच्या सिग्नलचं काम आहे म्हणे, तिथं असले हट्टी प्रोग्राम लागतात. लागोत. चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागं बसला होता, देऊळगाव राजाहून जालन्याची गाडी धरायला. कॉम्प्युटर वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतलेला. माझ्या वाफ्यापाशी त्यानं गाडी थांबवायला लावली, उतरला आणि बांधावर उभा राहिला. निरोपाचं काही बोलेल वाटलं, पण त्याची नजर मिरच्यांवर.

"किती, आबा?"

"पाच."

त्यानं मान हलवली. मला वाटलं आता वाफ्यात उतरेल आणि एकेक झाड मोजेल. नाही उतरला. "येतो," म्हणाला, आणि ती वाकळ पोटाशी धरून गाडीवर बसला.

गाडी वळणाआड गेली. मी वाफ्यात उतरलो आणि पुन्हा मोजली. पाचच होती.